कोंबडीची आणि टर्कीची पिल्लं एकदमच येणार आहेत, खुराडं कसं तयार करू? (जांबोटी, ता. खानापूर)

जांबोटीचं_शिवार :
नमस्कार मंडळी. भाताची सुगी आटपली, मळणीही झाली. घरामागचा जुना गोठा रिकामा आहे, त्यात कोंबड्या करायचं घरात ठरलंय. एक दिवसाची ५० गिरिराजा जातीची कोंबडीची पिल्लं आणि त्यांच्याबरोबर टर्कीची १२ पिल्लं सांगून ठेवलीत. पुढच्या आठवड्यात दोन्ही खोकी एकाच गाडीनं बेळगावला उतरतील, तिथून मी घेऊन येणार.

गोठा १२ बाय २० फूट. चिऱ्याची भिंत कमरेएवढी, वर उघडं, छप्पर कौलारू, खाली सारवलेली जमीन. आईच्या सात-आठ गावठी कोंबड्या आधीपासून परसात फिरतात, रात्री डालग्याखाली असतात. रान जवळ, त्यामुळं मुंगूस, रानमांजर, साप सगळं आहे. रात्री थंडी चांगलीच पडायला लागलीय आणि लाईटचा भरवसा नाही.

गोठ्यात काय काय करून घेऊ? ऊब कशी द्यायची? मध्ये जाळी घालून टर्की आणि कोंबड्या एकाच गोठ्यात चालतील का? टर्की आमच्या घरात पहिल्यांदाच येतेय, म्हणून सविस्तर सांगा. जीव घरी आणतोय, ते जगले पाहिजेत.

कडोलीकर :
दादा, आधी जाळीचं बघा. दुकानात षटकोनी डोळ्यांची जी कोंबडी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. दातानं तुटते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली चौकोनी डोळ्यांची तारेची जाळी घ्या, जरा महाग पडते पण एकदाच लावायची. भिंतीवरचा सगळा उघडा भाग तिनं बंद करा. भिंत चिऱ्याची आहे म्हणजे उकरून आत येण्याची भीती कमी, पण दाराखालची फट विसरू नका. बोटभर फटीतून साप येतो. दाराला दगडी उंबरा बसवा आणि दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारा. कौलारू छप्पर असलं की रात्री उदमांजर कौल सरकवून उतरतं, म्हणून कौलाखालूनही जाळी ताणून घ्या. हे काम पिल्लं यायच्या आधीच करा, नंतर ठोकाठोकीनं पिल्लं बिचकतात आणि कोपऱ्यात एकावर एक चढतात.

सारवलेली जमीन पिल्लांना चालत नाही. ओल धरते, जंतांची अंडी त्यात राहतात, धुता येत नाही. कोबा करून घ्या. तेवढं यंदा जमत नसेल तर वरची चार बोटं माती खरवडून बाहेर टाका, मुरूम ठोकून घ्या आणि वर चुना. भिंतींना आतून चुन्याचा हात द्या, भेगा बुजवा, मग चार-सहा दिवस दारं उघडी टाकून कडक वाळू द्या.

वर तूस. सुगी नुकतीच झालीय, खानापूरच्या कुठल्याही गिरणीत ताजं कोरडं तूस मिळेल. २ ते ३ इंचाचा थर द्या. लाकडाचा भुसा पहिल्या आठवड्यात नको, पिल्लं खाणं समजून तोच टिपतात.

पोत्याचे पडदे करताना एक करा. पडदा खालून पक्का बांधा आणि वरून सोडता येईल असा ठेवा. खालचा वारा पिल्लांना लागत नाही आणि विष्ठेचा उग्र वास वरून निघून जातो. रात्री सगळं गच्च बंद करणारे पुष्कळ बघितलेत मी. सकाळी दार उघडलं की डोळे झोंबतात. माणसाचे डोळे झोंबले म्हणजे पिल्लांची छाती रात्रभर भरलेली असते.

चंदगडी_रान :
एवढा खटाटोप कशाला हो? आईच्या कोंबड्यांत एखादी खुडूक बसलेली असेल की. रात्री अंधार पडल्यावर तिच्या पोटाखाली एक-एक करून पिल्लं सरकवायची. सकाळी ती आपलीच समजून घेऊन फिरते. ऊब, राखण, टिपायला शिकवणं, सगळं तीच करते. आमच्याकडं आजीच्या काळापासून असंच चालतं.

कडोलीकर :
चंदगडी, दहा-बारा पिल्लांना ते उत्तमच आहे, पण पन्नासांना चार-पाच खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात कुठून आणायच्या? दिवस थंडीचे, एका कोंबडीच्या पंखाखाली जेवढी मावतात तेवढीच जगतात.

निवृत्त_पशुवैद्य :
मी या भागात बरीच वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलंय. खुडूक कोंबडीचा मार्ग कोंबडीच्या पिल्लांपुरता मला मान्य आहे. टर्कीची पिल्लं मात्र गावठी कोंबडीखाली देऊ नका, आणि मूळ प्रश्नाचं उत्तरही तेच आहे. टर्की आणि कोंबड्या एका गोठ्यात नकोत, मध्ये जाळी असली तरी नकोत.

कारण नीट समजून घ्या. कोंबडीच्या आतड्याच्या टोकाला जी दोन आंधळी टोकं असतात, त्यांत एक बारीक पांढरा जंत राहतो. या जंताच्या अंड्यांतून एक सूक्ष्म परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, ती वरून ठणठणीत दिसते. तोच टर्कीच्या पोटात गेला की आतडं आणि यकृत पोखरतो. पक्षी पंख पाडून, मान आखडून उभा राहतो, गंधकासारखी पिवळी हगवण लागते आणि कळपातले बरेच पक्षी जातात. या रोगाला काळं डोकं म्हणतात, पण डोकं काळं पडतंच असं नाही, पिवळी विष्ठा ही खरी खूण. खात्रीनं बरं करणारं औषध आज हाताशी नाही. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, गांडुळांच्या पोटातूनही जातात, चपलेला लागून या खोलीतून त्या खोलीत जातात. म्हणून जाळी पुरत नाही.

तुमच्या परसात गावठी कोंबड्या आधीपासून फिरतात, म्हणजे ती जमीन टर्कीसाठी बाद. कोंबड्या कधीच जात नाहीत अशी जागा आहे का तुमच्याकडे?

नंदगडवाला :
सर, आदर ठेवून विचारतो. आमच्या शेजारी टर्की, बदकं, कोंबड्या सगळं एकाच अंगणात आहे आणि काही झालं नाही. प्रत्येक ठिकाणी होतंच का हे?

निवृत्त_पशुवैद्य :
प्रत्येक ठिकाणी होत नाही, बरोबर आहे. त्या अंगणातल्या कोंबड्यांत तो जंत किंवा तो परजीवी नसेल, जमीन कोरडी आणि निचऱ्याची असेल. पण हे वरून बघून ओळखता येत नाही, आणि बाजारातून आणलेली एक कोंबडी पुरते. मोठ्या टर्कीपेक्षा काही आठवड्यांची पिल्लं लवकर बळी पडतात. खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस इतका पडतो की चार महिने जमीन ओलीच असते, गांडुळंही भरपूर. तिथं हा धोका मी पत्करणार नाही, दुसऱ्यालाही पत्कर म्हणणार नाही.

जांबोटीचं_शिवार :
सर, धन्यवाद. जागा आहे. ओढ्यापलीकडं आमची काजूची बाग आहे, तिथं राखणीची एक पक्की खोली आहे, १० बाय १०. कोंबड्या ओढा ओलांडत नाहीत. टर्की तिथं ठेवतो. चपलांचा जोडही तिकडचा वेगळा करतो.

निवृत्त_पशुवैद्य :
उत्तम. मोठ्या टर्कीला साधारण ४ चौरस फूट लागतात, १२ पक्ष्यांना १० बाय १० पुरेसं आहे. दाराशी चुन्याचं ताट ठेवा. रोज आधी टर्कीचं काम करा, मग कोंबड्यांचं, उलटं कधी नको.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात कोंबडीच्या पिल्लांना दिव्याखाली ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, टर्कीला ३५ ते ३७. दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. थंडीत टर्कीला पाच-सहा आठवडेही ऊब लागते. तापमापक पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा, छताला नको. आणि त्याहून जास्त विश्वास पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय. मोकळी पसरून टिपत असतील तर हात लावू नका.

भोवती दीड फूट उंच पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा गोल कठडा करा. गोलच हवा, कोपरा मिळाला की रात्री ढीग होतो आणि खालची गुदमरतात. पन्नासांना सुरुवातीला ५ फूट व्यासाचा पुरेल, मग रोज थोडा सैल करत जा.

अथणीचा_मळा :
बल्बचं मी सांगतो. घरातले एलईडी ऊब देत नाहीत, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. जुन्या तारेचे ६० किंवा १०० वॅटचे बल्ब शोधा, नाहीतर कोंबडीखाद्याच्या दुकानात ऊब देणारा लाल दिवा मिळतो. एकाऐवजी दोन बल्ब लावा, रात्री दोनला एक गेला तर दुसरा असतो. साखळीनं टांगा, दोरीनं नको, तुसावर पडला तर आग.

लाईट गेली की काय? आमच्याकडं ५ लिटरच्या डब्यांत कढत पाणी भरून, पोत्यात गुंडाळून कठड्याच्या आत ठेवतात. पिल्लं अंगाशी येऊन बसतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, तिच्या न दिसणाऱ्या विषारी वायूनं पिल्लं आणि राखणारा माणूस दोघंही जातील.

निपाणीची_लेक :
माहेरी टर्की आहेत, म्हणून त्यांच्या पिल्लांबद्दल मनापासून लिहिते. कोंबडीचं पिल्लू खोक्यातून काढलं की अर्ध्या तासात टिपायला लागतं. टर्कीचं तसं नाही. दाण्याच्या भांड्यात उभं राहून उपाशी मरेल. नजर मंद, धिटाई कमी, आणि शिकवायला आई नाही. पहिल्या आठवड्यातली बरीच मरतुक रोगाची नसते, भुकेची असते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस घरातला एक माणूस त्यांच्यासाठीच मोकळा हवा.

आल्या आल्या प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवायची, गिळलं की खाली सोडायचं. पाणी आधी, खाणं नंतर. पाण्याच्या ताटलीत रंगीत गोट्या टाका, चमकणाऱ्या वस्तूवर ती चोच मारतात आणि पाणी आपोआप पोटात जातं. ताटली उथळच ठेवा, खोल पाण्यात ती बुडतात, आणि नुसतं भिजलं तरी थंडीत संपतात. एक लिटर पाण्यात १०० मिलि दूध, आणि १० पिल्लांमागं एक उकडलेलं अंडं कुस्करून रोज, हे पहिले पंधरा दिवस. अंड्यावर कोथिंबीर किंवा मेथी अगदी बारीक चिरून भुरभुरायची. हिरवा रंग त्यांना ओढतो. बोटानं ताटावर टकटक करत राहायचं, कोंबडी चोचीनं दाखवते तसं.

एक धिटुकलं पिल्लू सापडलं की काम सोपं. टर्कीत दोन कोंबडीची पिल्लं शिकवायला सोडणारे लोक आहेत, पण सर म्हणतात त्या रोगाच्या भीतीनं आम्ही ते बंद केलं. त्याऐवजी दोन आठवड्यांची मोठी टर्की मिळाली तर ती शिकवते.

कठड्यात वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि ते पिल्लू पुन्हा उभं राहत नाही. पोतं अंथरा, त्यावर खाणं पसरा. चार दिवसांनी पोतं काढून तूस.

जांबोटीचं_शिवार :
ताई, हे लिहून भिंतीला लावतो. खाण्याचं विचारायचं राहिलं. आमच्याकडं कण्या आणि मका भरपूर, सोयाबीनही घरचं आहे. विकतचं किती आणू?

अथणीचा_मळा :
कण्या आणि मका म्हणजे नुसती ताकद, अंग भरायला प्रथिनं लागतात. कोंबडीच्या पिल्लांना २० ते २२ टक्के प्रथिनांचं खाद्य, टर्कीच्या पिल्लांना २६ ते २८ टक्के. टर्कीचं खास खाद्य आपल्याकडं सहज मिळत नाही, लोक ब्रॉयलरच्या पिल्लांचं आणतात आणि वर अंडं, सुकट किंवा सोयापेंड घालतात. घरचं सोयाबीन कच्चं कधीच घालू नका, कच्च्या सोयाबीनमधलं द्रव्य प्रथिनं पचू देत नाही. खमंग भाजून, मग भरडून.

निवृत्त_पशुवैद्य :
यात एक गंभीर गोष्ट जोडतो. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध औषध मिसळलेलं असतं. त्यातलं सॅलिनोमायसिन कोंबडीला चालतं, टर्कीला विषारी आहे. पाय लुळे पडतात, पक्षी मरतात. पोतं घेण्याआधी दुकानदाराला विचारा, पोत्यावरची चिठ्ठी वाचा, औषध न घातलेलंच मागा.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याच्या पेंडीची. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्कीची पिल्लं पटापट मेली आणि आधी कारणच सापडेना. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतली बुरशी सापडली, अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते त्या मरतुकीतून. टर्कीची पिल्लं या विषाला फार हळवी असतात. आपल्याकडं पावसात भिजलेला मका आणि खवट पेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून बाजूला काढायची सवय आहे. टर्कीला तरी ती मुळीच देऊ नका. बुरशी झटकून किंवा उन्हात टाकून विष जात नाही.

लसीचं वेळापत्रक कोंबड्यांसाठी असं : मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी उबवणीत देतात, दिली का ते विचारून घ्या. ५ ते ७ दिवसांत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा ही लस, डोळ्यात एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस. २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि मानमोडीची आर-टू-बी ही टोचायची लस. टर्कीलाही मानमोडी आणि देवी होतात, तिच्या तारखा तुमच्या दवाखान्यात ठरवून घ्या. आईच्या गावठी कोंबड्यांनाही लस द्या. मानमोडी परसातूनच गोठ्यात येते.

जांबोटीचं_शिवार :
खोकी आज सकाळी आली. गोठा आणि बागेतली खोली कालपासून तापवून ठेवली होती. गिरिराजा पिल्लांची काळजीच नाही, गुळाचं पाणी प्यायली आणि मक्याच्या बारीक भरड्यावर तुटून पडली. टर्कीपाशी आई आणि बायको आळीपाळीनं बसल्यात. गोट्यांची युक्ती लागू पडली, पाणी सगळी प्यायली. खाण्याकडं दुपारपर्यंत एकानंही बघितलं नाही. मग आईनं मेथी चिरून अंड्यावर टाकली आणि बोटानं टकटक सुरू केली, तेव्हा एकानं चोच मारली. संध्याकाळपर्यंत नऊ टिपायला लागली. तीन अजून डोळे मिटून उभी आहेत. काय करू?

निपाणीची_लेक :
त्या तिघांना वेगळं काढा, पण एकेकटं ठेवू नका, तिघं एकत्र आणि एक खाणारं सोबतीला. दर दोन तासांनी अंड्याचा पिवळा बलक दुधात पातळ करून चोचीच्या कडेनं थेंब-थेंब. घशात ओतू नका, छातीत जातं. रात्री उजेड ठेवा, टर्कीची पिल्लं अंधारात खाणं शोधत नाहीत.

जांबोटीचं_शिवार :
तिघांतलं एक पहाटे गेलं. फार वाईट वाटलं, आईनं रात्रभर हातात धरलं होतं. बाकी दोघं आता खातायत. गिरिराजातल्या काही पिल्लांच्या बुडाला विष्ठा चिकटून वाळलीय, हा रोग आहे का?

निवृत्त_पशुवैद्य :
तशीच राहिली तर वाट बंद होऊन पिल्लू मरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करून काढा, ओढू नका, पिसांबरोबर कातडं येतं. कोरडं पुसून लगेच ऊबेत सोडा. बहुतेक वेळा प्रवासातल्या गारठ्यानं किंवा जास्त उष्णतेनं असं होतं. तापमान नीट बघा. विष्ठा पांढरी, पातळ असेल आणि पिल्लं पटापट मरत असतील तर मात्र एक मेलेलं पिल्लू घेऊन दवाखान्यात जा.

पुढचा धोका तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातला, रक्ती हगवण. ती ओल्या तुसातून येते. पाण्याच्या भांड्याभोवतीचं भिजलेलं तूस रोज काढा, बाकीचं पंज्यानं खालीवर करा. रक्त दिसलं तर त्याच दिवशी पाण्यातून अँप्रोलियम, मात्रा दवाखान्यातून लिहून घ्या.

नंदगडवाला :
सर, मीही आता टर्की वेगळ्या करायचं मनावर घेतलंय. त्यांना मोकळं कधी सोडायचं?

निवृत्त_पशुवैद्य :
आठ आठवडे झाल्यावर, अंगावर पूर्ण पिसं आली की. सकाळी दव वाळल्यावर सोडा, ऊन कलायच्या आत आत घ्या. गवत, लसूणघास, शेवग्याचा पाला आवडीनं खातात, मोठेपणी निम्म्यापर्यंत खाणं हिरव्यावर भागतं. झाडावर झोपायची खोड लागू देऊ नका. आत दोन-तीन फुटांवर जाड गोल दांडा बसवा, संध्याकाळी दाणा आतच टाका, आपण होऊन येतात.

कडोलीकर :
एका पंखाची उडायची लांब पिसं कातरा, एकाच. तोल जातो, कुंपण ओलांडत नाहीत. कोवळ्या, रक्त असलेल्या पिसांना कात्री लावू नका.

जांबोटीचं_शिवार :
सगळ्यांचे मनापासून आभार. लासोटाची बाटली किमान १०० मात्रांची येते, माझी पिल्लं ५० आणि आईच्या कोंबड्या, म्हणजे निम्मी वाया जाणार. उघडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. गुरुवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर देणार आहे, बर्फाचा डबा माझ्याकडं आहे. जांबोटीच्या आसपास कुणाकडं कोंबड्या असतील तर बुधवारपर्यंत इथं कळवा, मी घरी येऊन थेंब टाकून जाईन. पैसे नकोत, फक्त त्या दिवशी कोंबड्या डालग्याखाली धरून ठेवा.

चंदगडी_रान :
माझ्या मामाकडं बैलूरला वीस-बावीस आहेत. त्यांना आजच सांगतो, धरून ठेवतील.